युगोस्लाव्हिया का फुटला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९२ ते १९९५ या काळात मराठी वर्तमानपत्रांच्या आंतरराष्ट्रीय पानावर 'बोस्निया' हा शब्द जवळजवळ रोज असायचा. नावं अवघड, बाजू तीन-चार, नकाशा दर महिन्याला वेगळा. बातमीच्या शेवटी बहुतेकदा एक ठरलेलं वाक्य यायचं: 'तिथले लोक शतकानुशतकं एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत.' मीही ते वाक्य कित्येक वर्षं खरं मानलं. पुढे वाचत गेल्यावर कळलं की ते खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी हजारो माणसं मेली. या विषयावर बोलताना विद्यार्थी आणि वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

युगोस्लाव्हिया म्हणजे नेमका कुठला देश? आज नकाशात का सापडत नाही?

तिथल्या भाषेत 'युग' म्हणजे दक्षिण दिशा, म्हणजे युगोस्लाव्हिया हा दक्षिणेकडच्या स्लाव लोकांचा देश. आपल्या 'युगा'शी त्याचा संबंध नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ साली तो राजेशाही म्हणून जन्मला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर टिटोंच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट संघराज्य झाला. त्यात सहा प्रजासत्ताकं होती: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया. शिवाय सर्बियाच्या पोटात व्होय्व्होदिना आणि कोसोव्हो असे दोन स्वायत्त प्रांत. १९९१ पासून एकेक तुकडा वेगळा होत गेला. २००६ साली माँटेनेग्रो बाहेर पडला तेव्हा उरलंसुरलं संघराज्यही संपलं.

सर्ब, क्रोएट, बोस्नियाक यांच्यात फरक काय?

मुख्य फरक परंपरेने आलेल्या धर्माचा. सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट कॅथलिक, बोस्नियाक मुसलमान. चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. भाषाही एकच, तेव्हा तिला सर्बो-क्रोएशियन म्हणत. क्रोएट ती रोमन लिपीत लिहितात, सर्ब सिरिलिक (रशियनची लिपी असते तशी) आणि रोमन दोन्हींत. कोकणी देवनागरीतही लिहितात आणि रोमीतही, हे माहीत असलेल्या गोव्याच्या वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही.

बोस्नियातले मुसलमान म्हणजे तुर्क नव्हेत, हे इथेच सांगायला हवं. ऑटोमन राजवटीत ज्यांनी इस्लाम स्वीकारला त्या स्थानिक स्लाव लोकांचे ते वंशज. युद्धात त्यांना मुद्दाम 'तुर्क' म्हटलं गेलं, कारण शेजाऱ्याला मारायचं तर आधी त्याला परका ठरवावं लागतं.

१९९१ च्या जनगणनेत बोस्नियात मुसलमान सुमारे ४३ टक्के, सर्ब ३१ टक्के आणि क्रोएट १७ टक्के होते. साडेपाच टक्के लोकांनी यांपैकी काहीच न लिहिता 'युगोस्लाव' असं लिहिलं होतं. त्यांत मिश्र विवाहांतून जन्मलेली मुलं बरीच होती. फाळणीची रेघ अशा घरांच्या माजघरातून गेली.

मग जुनं वैर नव्हतंच का?

जखमा होत्या, त्या नाकारता येणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छत्राखाली क्रोएशियात उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेची राजवट आली. तिने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना यासेनोवाचसारख्या छळछावण्यांत मारलं. सर्ब राजनिष्ठांच्या चेतनिक टोळ्यांनी मुसलमानांच्या आणि क्रोएटांच्या कत्तली केल्या. नाझींशी लढणाऱ्या टिटोंच्या पार्टिझान (गनिमी) सैन्यात मात्र सगळ्या समाजांचे लोक होते आणि शेवटी जिंकले तेच.

त्यानंतर ४५ वर्षं हे लोक एका इमारतीत राहिले, एका कारखान्यात राबले, एकमेकांच्या घरी सोयरिकी केल्या. शतकानुशतकांचं अटळ वैर असतं तर ही ४५ वर्षं कुठून आली? जखम होती, पण तिच्यावरची खपली काढणारे हात आपल्याला नावानिशी आणि तारखेनिशी माहीत आहेत. १३८९ साली ऑटोमन तुर्कांविरुद्ध कोसोव्होच्या लढाईत मारला गेलेला सर्ब राजा लाझार याच्या अस्थी १९८८-८९ मध्ये मठामठांतून मिरवत नेल्या गेल्या. महायुद्धात मारलेल्यांचे सांगाडे गुहांतून वर काढून पुन्हा पुरले गेले आणि टीव्हीने ते घराघरांत पोचवलं. प्रत्येक बाजूच्या टीव्हीने आपापले मृत मोजले आणि दुसऱ्याचे लपवले. दु:ख खरंच होतं, म्हणून तर ते वापरता आलं.

टिटो गेले आणि देश फुटला, इतकं ते सोपं आहे का?

नाही. टिटो ४ मे १९८० रोजी गेले, देश १९९१ साली फुटला. मधली अकरा वर्षं पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

टिटोंच्या पश्चात देशाचा प्रमुख एक माणूस राहिला नाही. सहा प्रजासत्ताकं आणि दोन प्रांत यांचे आठ प्रतिनिधी, आणि अध्यक्षपद पाळीपाळीने. त्यातच सुमारे २० अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज. १९८० च्या दशकात पेट्रोल आणि कॉफीची टंचाई, संप, पगारांची घसरण हे सगळं झालं आणि १९८९ मध्ये महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या वर गेली. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया श्रीमंत, त्यांना वाटायचं आपला पैसा दक्षिणेत जातो. दक्षिणेला वाटायचं आपल्याला मागास ठेवलं.

पंतप्रधान आंते मार्कोविच यांनी १९९० च्या सुरुवातीला महागाई खाली आणून दाखवली होती. पण त्या वर्षी बहुपक्षीय निवडणुका झाल्या त्या प्रजासत्ताकांत, संपूर्ण देशाची निवडणूक कधी झालीच नाही. त्यामुळे 'मी युगोस्लाव्हियासाठी मत मागतो' असं म्हणणाऱ्याला सगळ्या देशाकडे मत मागताच आलं नाही. स्वतःच्या जमातीसाठी ओरडणाऱ्याला मात्र प्रत्येक राजधानीत सिंहासन मिळालं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि चर्चेत तोच गळतो.

स्लोबोदान मिलोशेविच एवढा मोठा कसा झाला?

बँकेतला अधिकारी, मग सर्बियन कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता. एप्रिल १९८७ मध्ये तो कोसोव्होत गेला. तिथे बहुसंख्य अल्बेनियन आणि अल्पसंख्य सर्ब यांच्यात तणाव होता. पोलिसांनी मारल्याची तक्रार करणाऱ्या सर्ब जमावाला तो म्हणाला की तुम्हाला मारण्याची हिंमत कोणी करता कामा नये. हे वाक्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं आणि पक्षातला एक साधा पुढारी राष्ट्राचा तारणहार झाला.

पुढचं काम त्याने अंकगणिताने केलं. १९८९ च्या मार्चमध्ये कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली गेली. व्होय्व्होदिना आणि माँटेनेग्रोत त्याची माणसं आली. सर्बियाचं स्वतःचं मत धरून आठांपैकी चार मतं त्याच्या मुठीत आली. २८ जून १९८९ रोजी, कोसोव्होच्या लढाईला ६०० वर्षं झाली त्या दिवशी, गाझिमेस्तानच्या माळावर लाखोंच्या जमावापुढे त्याने सशस्त्र लढायाही नाकारता येत नाहीत असं सूचित केलं. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला दरवाजा दिसू लागला तो तिथून.

तो एकटाच दोषी नाही. क्रोएशियात फ्रान्यो तुजमान निवडून आले. त्यांच्या सरकारने नव्या राज्यघटनेत तिथल्या सर्बांचं समान राष्ट्रघटक हे स्थान काढून घेतलं आणि अनेक सर्बांना पोलिसांतून व सरकारी नोकऱ्यांतून दूर केलं. महायुद्धाची आठवण असलेल्या सर्ब म्हाताऱ्यांना यात काय दिसलं असेल ते समजण्यासारखं आहे. सर्बियाची राजधानी बेलग्रेड, तिथल्या टीव्हीने ते कैक पटींनी फुगवून दाखवलं.

पहिली गोळी कुठे झडली?

२५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. स्लोव्हेनियातलं युगोस्लाव सैन्याशी झालेलं युद्ध दहा दिवसांत संपलं, कारण तिथे सर्ब वस्ती जवळपास नव्हती. क्रोएशियात मात्र डॅन्यूबकाठचं वुकोवार तीन महिने त्याच सैन्याच्या तोफांखाली राहिलं. १८ नोव्हेंबरला शहर पडलं आणि इस्पितळातून बाहेर काढलेल्या दोनशेहून अधिक माणसांना ओव्हचारा इथल्या शेतावर नेऊन मारलं.

मॅसिडोनिया? तो १९९१ मध्ये युद्धाशिवाय बाहेर पडला. त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथेही अनेक समाज होते.

यात भारताचा काही संबंध होता का?

होता, आणि जवळचा. टिटो डिसेंबर १९५४ मध्ये 'गालेब' या जहाजाने मुंबईत उतरले होते. अलिप्ततावादी राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ च्या सप्टेंबरमध्ये बेलग्रेडलाच झाली. नेहरू, नासेर आणि टिटो ही तीन नावं आपल्या आधीच्या पिढीला एका दमात आठवतात.

१९९२ साली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना युगोस्लाव्हियात गेली, तेव्हा तिचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. सेनेचं काम क्रोएशियात होतं आणि मुख्यालय ठेवलं बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, तिथे शांतता आहे म्हणून. काही आठवड्यांत त्याच शहरावर तोफगोळे पडू लागले आणि मुख्यालय हलवावं लागलं. १९९३ च्या मार्चपर्यंत नंबियार तिथे होते.

सारायेव्होच्या वेढ्यात नेमकं काय झालं?

१९९२ च्या फेब्रुवारीअखेर बोस्नियाने स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं. बहुतेक सर्बांनी बहिष्कार घातला आणि ज्यांनी मत दिलं त्यांनी जवळजवळ एकमुखाने होकार दिला. एप्रिलमध्ये युरोप आणि अमेरिकेने मान्यता दिली आणि त्याच दिवसांत शहर वेढलं गेलं.

सारायेव्हो दरीत वसलं आहे. चारी बाजूंना डोंगर, आणि डोंगरांवर रादोव्हान कराजिच या नेत्याचं, म्हणजे बोस्नियन सर्बांचं सैन्य. १९८४ साली याच डोंगरांवर हिवाळी ऑलिम्पिक झालं होतं. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस वेढा चालला. पाणी नाही, वीज नाही, गॅस नाही. बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर कॅन घेऊन रांगा लागत आणि रांगेवर उखळी तोफांचे गोळे पडत. लोकांनी उद्यानातली झाडं तोडून जाळली, मग फर्निचर, मग पुस्तकं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयावर आग लावणारे गोळे टाकले गेले आणि लाखो पुस्तकं राख झाली. जवळच्या टेकड्यांवरून स्नायपर हमरस्त्यावर नेम धरून बसत आणि रस्ता ओलांडणारा कोण आहे हे न पाहता गोळी घालत. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारात एका गोळ्याने ६८ माणसं मारली.

१९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा खणला गेला. वाकून चालावं लागे इतका ठेंगणा. अन्न, औषधं, शस्त्रं, जखमी, सगळं त्यातून जायचं.

वेढ्यात ११,५४१ माणसं गेली. २०१२ साली, वीस वर्षं पूर्ण झाल्यावर, शहराने मुख्य रस्त्यावर तेवढ्याच लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या. लहान मुलांसाठी लहान खुर्च्या होत्या.

हे युद्ध म्हणजे 'सर्ब विरुद्ध मुसलमान' असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शहराचं रक्षण करणाऱ्या बोस्नियन सैन्याचे उपप्रमुख जनरल योव्हान दिव्याक सर्ब होते. आणि 'ओस्लोबोजेन्ये' हे दैनिक इमारत उद्ध्वस्त झाल्यावरही तळघरातून निघत राहिलं, त्यात तिन्ही समाजांचे पत्रकार एकत्र काम करत होते. ती माणसं मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठी वाटतात.

जग काय करत होतं?

मदतीची विमानं उतरत होती, ठराव होत होते. पण सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली होती. ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात जुन्या राष्ट्रीय सैन्याचे रणगाडे आणि तोफा बोस्नियन सर्बांना मिळाल्या होत्या, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याचे हात बंदीने बांधले गेले. 'प्राचीन वैर आहे, आपण काय करणार' हे वाक्य मुत्सद्द्यांना इथे फार सोयीचं पडलं.

सगळ्याच बाजूंनी अत्याचार केले ना?

केले. १९९३ च्या एप्रिलमध्ये क्रोएट सैन्याने आहमिची गावात शंभराहून अधिक बोस्नियाक मारले. मोस्तारमधला १५६६ सालचा दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांनीच तोफांनी पाडला, तो २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. बोस्नियन सरकारी दलांच्या चेलेबिची छावणीत सर्ब कैद्यांचा छळ झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या 'वादळ' मोहिमेत तिथले दीड ते दोन लाख सर्ब ट्रॅक्टरवर संसार घालून पळाले, मागे राहिलेले म्हातारे मारले गेले. त्या सर्बांचं दु:ख कमी प्रतीचं नाही.

पण 'सगळे सारखेच' असं म्हणणं सत्याशी प्रतारणा आहे. बोस्नियाच्या युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली (पूर्वी अडीच लाखांचा आकडा सांगत, नावानिशी मोजदाद झाल्यावर तो खाली आला), आणि मेलेल्या नागरिकांत पाचांतले चार बोस्नियाक होते. बोस्नियन सर्बांच्या ओमार्स्कासारख्या छावण्या आणि त्यांनी फोचामध्ये बायकांना कोंडून महिनोन्‌महिने केलेले बलात्कार हे बेभान जमावाचं काम नव्हतं, त्यामागे योजना होती. फोचाच्या खटल्यात २००१ साली हेगच्या (युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या) न्यायालयाने बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवून शिक्षा दिल्या. त्या बायका परक्या देशात, आरोपींच्या समोर उभ्या राहून बोलल्या म्हणून तो निकाल लागला.

स्रेब्रेनित्सात काय घडलं?

पूर्व बोस्नियातलं डोंगराळ गाव, एकेकाळी चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध. एप्रिल १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने ते 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं आणि आसपासचे हजारो निर्वासित तिथे येऊन दाटले. रक्षणाला हलकी शस्त्रं असलेले काही शे डच सैनिक.

११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख जनरल रात्को म्लादिच गावात शिरला. कॅमेऱ्यासमोर म्हणाला की या प्रदेशातल्या तुर्कांवर सूड घेण्याची वेळ आली आहे. लोक पोतोचारीच्या डच तळाकडे धावले. तिथे बायका-मुलं एका बाजूला आणि पुरुष व पोरगे दुसऱ्या बाजूला काढले गेले. बायकांना बसमध्ये घालून पाठवलं. हजारो पुरुष रानावनातून बोस्नियन सरकारच्या ताब्यातल्या तुझला शहराकडे निघाले होते, त्यांतले बरेच वाटेत पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत कोठारं, शाळा, शेतं अशा ठिकाणी आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हा वंशसंहार ठरवला. दुसऱ्या न्यायालयाने म्हटलं की सर्बियाने तो स्वतः केला हे सिद्ध होत नाही, पण तो रोखण्याचं कर्तव्य त्याने पाळलं नाही. नेदरलँड्सचं सरकार २००२ मध्ये याच प्रकरणाच्या अहवालानंतर पायउतार झालं.

युद्ध थांबलं कसं?

ऑगस्ट १९९५ अखेर मार्कालेवर पुन्हा गोळा पडला, ४३ माणसं मेली आणि नाटोने बोस्नियन सर्बांच्या ठाण्यांवर हवाई हल्ले केले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या डेटन शहराजवळच्या हवाई तळावर मिलोशेविच, तुजमान आणि बोस्नियाचे आलिया इझेतबेगोविच यांना तीन आठवडे बसवलं. जे साडेतीन वर्षं 'अशक्य' होतं ते तीन महिन्यांत झालं, हे विसरता येत नाही.

डेटनने बंदुका थांबवल्या. पण देशाचे दोन भाग केले, ५१ आणि ४९ टक्के, आणि तीन समाजांचे तीन अध्यक्ष ठेवले. त्यामुळे ज्यू किंवा रोमा नागरिक अध्यक्षपदाला उभाच राहू शकत नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये हे चूक ठरवलं. काही गावांत एका इमारतीतल्या शाळेत क्रोएट आणि बोस्नियाक मुलं वेगळ्या दारांनी जातात, वेगळा अभ्यासक्रम शिकतात. भाषेची आता चार नावं आहेत.

कोसोव्होचं काय?

थोडक्यात: अल्बेनियनांचा अहिंसक प्रतिकार दहा वर्षं दुर्लक्षित राहिला, मग सशस्त्र बंड आलं, मग सर्बियन दलांची दडपशाही. २४ मार्च १९९९ पासून नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली, सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय. त्या काळात सर्बियन दलांनी हाकलल्यामुळे साडेआठ लाखांच्या आसपास अल्बेनियन देशोधडीला लागले. बॉम्बहल्ले थांबवा असा ठराव भारत, रशिया आणि बेलारूस यांनी मांडला होता, तो बारा विरुद्ध तीन मतांनी पडला. २००८ मध्ये कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं, भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

गुन्हेगारांना शिक्षा झाली?

हेगच्या न्यायालयाने १६१ जणांवर आरोप ठेवले. मिलोशेविचला ऑक्टोबर २००० मध्ये त्याच्याच देशाच्या जनतेने रस्त्यावर उतरून घालवलं. निकालाआधीच मार्च २००६ मध्ये तो कोठडीत मेला. कराजिच दाढी वाढवून, नाव बदलून, पर्यायी उपचार करणारा म्हणून बेलग्रेडमध्ये राहत होता. २००८ मध्ये सापडला. म्लादिच २०११ मध्ये. दोघांनाही जन्मठेप. तरीही काही शहरांच्या भिंतींवर म्लादिचची चित्रं रंगवली जातात.

हे सगळं तीस वर्षांपूर्वीचं. अजून त्यावर बोलायचं कशाला?

कारण तिथे ते संपलेलं नाही. स्रेब्रेनित्साच्या हत्येनंतर पुरावा लपवण्यासाठी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेतं दुसरीकडे पुरली गेली. त्यात एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत विखुरली. डीएनए तपासून ती एकेक जुळवली जातात आणि दरवर्षी ११ जुलैला पोतोचारीत नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आयांनी मुलाच्या सापडल्या तेवढ्या अस्थी पुरल्या. पुढे दुसऱ्या खड्ड्यात आणखी एक हाड मिळालं, प्रयोगशाळेतून निरोप आला, आणि तीच कबर पुन्हा उघडावी लागली. म्हणून काही घरांतले लोक एक-दोन हाडं सापडली तरी दफन करत नाहीत, बाकीची मिळेपर्यंत थांबतात.